पोपडेशास्त्री

दसरा उलटला की सातारा-सांगलीत घरोघरी रंगाचे डबे येतात. भिंती खरवडायच्या, लांबी भरायची, ओलीचे डाग बुजवायचे. वर्षभर ज्याच्याकडं काणाडोळा केला ते दिवाळीआधीच्या आठ दिवसांत झाकायचं. या दिवसांत गल्लीतून एक तरुण सुतकी चेहऱ्यानं फिरताना दिसतो. त्याचं कुणी गेलेलं नसतं. कोपऱ्यावरच्या वाड्याची उत्तरेकडची भिंत, जिच्यावर चुन्याखाली निळा, निळ्याखाली गुलाबी आणि गुलाबीखाली माती असे थर सुरेख सुटत आले होते, तिला मालकानं लिंबू कलरचा डिस्टेंपर मारलेला असतो. "अजून एक पावसाळा थांबायचं होतं हो काका," तो कळवळून म्हणतो. काकांना वाटतं, पोरगं रंगाच्या दुकानात चिकटलंय आणि पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक आत्तापासून धरून ठेवतंय.

हा पोपडेशास्त्री. वय वीस ते तीसच्या मधलं. शिक्षण बहुधा डिप्लोमा, एखादा विषय अजून लोंबकळत असलेला. पाठीला सॅक, सॅकमध्ये सेकंडहँड कॅमेरा, स्टीलची फूटपट्टी आणि रंगाचा अंदाज चुकू नये म्हणून करड्या पुठ्ठ्याचा एक तुकडा. निसर्गसौंदर्याशी त्याचं वैर नाही, फक्त जाणं-येणं नाही. पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर कासच्या पठाराला 2012 मध्ये युनेस्कोचा मान मिळाला, तेव्हापासून फुलांच्या दिवसांत वर गाड्यांची रीघ लागते. शास्त्रीही त्या रिघेत असतो, पण तो यवतेश्वराच्या घाटातच उतरतो. तिथल्या कठड्यावर शेवाळ फार चांगलं धरलेलं असतं.

हे सगळं स्पर्धेसाठी. काही व्हिडिओ गेम असे असतात की खेळता खेळता चाहत्यांना त्यात स्वतःच्या इमारती उभ्या करता येतात. 'क्वेक' हा 1996 चा गेम. त्याचे नवे नकाशे रचणारे लोक अजून आहेत. नकाशे रचायला पुष्कळ जण पुढं येतात, पण नुसती भिंत उभी करून भागत नाही, तिला अंगावर काहीतरी घालावं लागतं. त्या अंगरख्याला टेक्श्चर म्हणतात आणि तो शिवणारे कायम कमी पडतात. मग चाहतेच आपसांत स्पर्धा लावतात: जग बुडाल्यानंतरची भिंत करून आणा. जमीन आणा, छत आणा, दार आणा. चित्र चौरस हवं, एक बाजू 2048 पिक्सेल, चारी कडा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, आणि फोटो दुसऱ्याचा उचललेला चालणार नाही. बक्षीस म्हणजे पुढच्या आवृत्तीत तुमची भिंत लागणार आणि सोबतच्या यादीत तुमचं नाव येणार. ती यादी कुणी उघडत नाही हे शास्त्र्याला पक्कं ठाऊक आहे. तरी त्यासाठी तो भर उन्हात भंगारवाल्याच्या दारात ताटकळतो.

भर उन्हात ताटकळतो, पण फोटो काढत नाही. त्याचं कारण तांत्रिक आहे. भिंतीवर सावली पडली की भिंत वाया गेली, कारण गेममधला सूर्य कुठून उगवणार ते गेमवाला ठरवतो. फोटोतच एक सूर्य असला तर दोन होतात. म्हणून याला आभाळ गच्च भरलेलं हवं, पण थेंब पडता कामा नये. जत-आटपाडीच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घातलेलं हे हवामान देवाकडं मुद्दाम मागणारा पंचक्रोशीत हा एकटाच.

पुढची विद्या शिवण बुजवण्याची. चित्र निम्मं सरकवलं की बाहेरच्या कडा मधोमध येतात आणि जोड उघडा पडतो. तो रात्र रात्र बसून असा मिटवायचा की हीच भिंत शंभर वेळा शेजारी शेजारी लावली तरी कळू नये. त्यात ठळक खूण राहिली की घात. सरकारी जिन्याच्या कोपऱ्यात लोकांनी मावा थुंकून केलेलं काम शास्त्र्याला रंगाच्या दृष्टीनं अतिशय आवडतं, वाळलेल्या रक्ताच्या जवळ जातं म्हणतो. पण त्यातली एक जरी पिचकारी ओळखू येण्यासारखी राहिली, तर गेममधल्या अख्ख्या रस्त्यावर दर दोन मीटरला तीच पिचकारी, त्याच उंचीवर. जग बुडालं, पण एक माणूस शिस्तीत थुंकत पुढं गेला, असा त्याचा अर्थ निघतो. एका स्पर्धेत त्यानं थुंकू नये म्हणून देवांच्या फरश्या बसवलेला कोपरा पाठवला. पाहणाऱ्यांनी फार वाखाणला आणि विचारलं की या छोट्या चित्रांनी खेळाडूची ताकद वाढते का.

या शिवणीच्या नादानं माणूस समाजातून उठतो. लग्नाच्या मांडवात अक्षता पडत असताना हा शेजारच्या काकूंना म्हणाला, "काकू, तुमच्या साडीतला मोर सव्वा फुटावर रिपीट होतोय." काकूंनी उरलेलं लग्न पदर पोटाशी आवळून काढलं.

घरच्यांची अवस्था बघवत नाही. एका भिंतीची तीन-चार चित्रं करावी लागतात: एक रंगाचं, एक खडबडीतपणाचं, आणि एक उंचसखलपणाचं. हे शेवटचं निळसर जांभळं असतं. आई दूध घेऊन खोलीत येते, पडद्यावर जांभळी भिंत दिसते, ती म्हणते, "हा मात्र शोभतोय हो. आपल्या हॉलला दे की." आणि एक दिवस त्यानं तिच्या तव्याच्या पाठीवरची वीस वर्षांची काजळी, जळलेल्या रणगाड्याचा पत्रा म्हणून, जवळून टिपली. माउलीला वाटलं, पोरानं घरातली घाण जगाला दाखवली. तिनं त्याच दुपारी तवा अंगणात नेऊन विटेनं लख्ख घासला. शास्त्री त्या रात्री जेवला नाही.

आप्पांचं म्हणणं सरळ आहे. "आम्ही पोपडे काढून रंग लावत आलो. हा रंग काढून पोपडे लावतोय." मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीच्या मामांनी विचारलं, मुलगा काय करतो. आप्पा म्हणाले, "भिंती करतो." मामा खूश झाले, बांधकामात पैसा आहे. "कुठं चाललंय काम?" आप्पांनी पोराकडं बघितलं. पोरगं प्रामाणिक. "सध्या सगळ्या पडक्याच करतोय," म्हणालं.

आप्पांचं समाधान करायला त्याच्याजवळ इतिहास तयार असतो. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' इथंच उभं केलं. पुढं कंपन्यांचे राजवाडे आणि अरण्यं कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांसारख्या मंडळींनी कापडावर रंगवली, आणि त्याच बाबूरावांनी नंतर चित्रपट काढले. मी तेच करतोय, फक्त पडद्याऐवजी पिक्सेल आहेत, असा युक्तिवाद. आप्पा म्हणतात, त्यांचे राजवाडे धड होते. युक्तिवाद चोख आहे आणि आप्पाही चूक नाहीत. मग तो पुण्याचा दाखला देतो. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला, राजस्थानी धाटणीच्या वाड्या-महालांचा, आणि तो जगभर खेळला गेला. आप्पा वरमतात. तेवढ्यात शास्त्री स्वतःच माती खातो: "पण त्यातल्या भिंती मला फारच धडधाकट वाटतात."

त्याचं काशी-रामेश्वर युक्रेनमध्ये आहे. चेर्नोबिलची अणुभट्टी 26 एप्रिल 1986 ला फुटली. तिच्या परिसरावर कीव्हच्या जीएससी गेम वर्ल्डनं 2007 मध्ये 'स्टॉकर' हा गेम काढला, आणि त्यासाठी त्यांची माणसं त्या निर्मनुष्य टापूत स्वतः जाऊन फोटो घेऊन आली होती. हे सांगताना शास्त्र्याचा आवाज पंढरीची वारी करून आलेल्या माणसाबद्दल बोलताना होतो तसा होतो.

शास्त्र्यांत दोन पंथ आहेत, साताऱ्याचा आणि सांगलीचा, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. मूळ जिल्हा एकच. 1949 मध्ये त्याचे उत्तर आणि दक्षिण सातारा झाले, 1960 मध्ये दक्षिणेचं नाव सांगली पडलं. माझ्या मते त्या वाटणीत ओल साताऱ्याकडं राहिली आणि गंज सांगलीकडं गेला. सातारकराचा भर जांभ्यावर, शेवाळावर, अजिंक्यताऱ्याच्या तटातून फुटलेल्या पिंपळावर. त्याला एकदा कुणीतरी लिंबची बारा मोटांची विहीर बघायला पाठवलं. तीनशे वर्षांपूर्वीचं काम, वीरूबाई भोसल्यांनी बांधवून घेतलेलं, आतमध्ये चक्क महाल. संध्याकाळी हिरमुसून परत आला. "बांधकाम फारच चांगलं आहे हो," म्हणाला. "एक सांधा सुटलेला नाही."

सांगलीकर म्हणतो, शेवाळ काय, कुठंही येतं. गंजाला कारखानदारी लागते. किर्लोस्करवाडीत 1910 पासून लोखंड ओततायत. सातारकर म्हणतो, प्रिया स्कूटर आमच्या साताऱ्यात बनायची, आणि प्रियाचा पत्रा ज्या नजाकतीनं गंजतो तसा आजच्या गाड्यांचा गंजूनच दाखवा. मग सांगलीकर हरिपूरची पेवं काढतो. 'फॉलआउट' या 1997 च्या गेममध्ये अणुयुद्धातून वाचायला माणसं जमिनीखालच्या तळघरांत जाऊन राहतात. आमच्याकडं, तो म्हणतो, ही सोय हळदीसाठी केलेली होती. जमिनीत खोल खणलेली पेवं, तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं टिकायची. उघडल्यावर हवा खेळू दिल्याशिवाय आत कुणी उतरायचं नाही. 2005 च्या पुरानं त्यातली पुष्कळशी बाद केली. यावर सातारकराजवळ उत्तर नसतं. तो कंदी पेढे काढतो आणि तह होतो.

पूर हा शब्द आला की वाद तसाही संपतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट; ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं, आणि 2021 मध्ये नदी पुन्हा घरात आली. काठच्या वस्तीत भिंतीवर त्याच्या रेघा आहेत. रेघेच्या वर पोपटी रंग जसाच्या तसा, खाली गाळानं धरलेला करडा पट्टा, आणि दोन्हींच्या मध्ये वाळलेल्या फेसाची बोटभर रुंदीची वेडीवाकडी झालर. कुणी खिळ्यानं तारीख कोरलेली, कुणी तिथंच कॅलेंडर लावून झाकलेली. शास्त्र्याच्या धंद्यात याहून थोर भिंत नाही.

पूर ओसरून काही महिने झाल्यावर तो अशा एका गल्लीत शिरला. भिंतीला फूटपट्टी लावली, पुठ्ठा धरला, फोटो घेतला. आतून एक मावशी हात पुसत आल्या. "पंचनामा का?" तो "नाही" म्हणेपर्यंत शेजारचं दार उघडलं होतं. राहून गेलेली घरं प्रत्येक यादीला असतातच. पाचेक मिनिटांत आधार कार्डाच्या झेरॉक्स आल्या, पासबुकं आली. "सायेब, आमचं बी घ्या. आतली भिंत तर ह्याच्यापरीस बेकार हाय." आता 'आतली याहून बेकार' असं कुणी म्हटल्यावर शास्त्र्यानं पाय मागं कसा घ्यावा? तो घराघरांत गेला. प्रत्येक ठिकाणी चहा झाला. कुणीतरी फूटपट्टीचं दुसरं टोक धरलं, कुणी कपाट सरकवून दिलं. आपण सरकारी नाही हे तो प्रत्येकाला सांगत होता, आणि प्रत्येक जण समजूतदारपणे मान डोलवत होता. खालच्या माणसाला कुठं सगळं बोलता येतंय.

आठवडाभरानं त्या गल्लीतले एक आजोबा पत्ता काढत घरी आले. आईनं खुर्ची दिली, पाणी दिलं. आजोबा रागावलेले नव्हते. "पैशाचं ऱ्हाऊ दे, पन आमच्या भिताडाचा फोटू कशाला काढला तेवढं सांगा," म्हणाले. शास्त्र्यानं लॅपटॉप उघडला. अमेरिकेतलं कुठलंसं शहर, मोडलेल्या मोटारी, माणूस नाही, आणि लांबच लांब रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना आजोबांच्या घराची भिंत: वर पोपटी, खाली गाळ, मध्ये झालर. आजोबांनी चष्मा वर केला आणि बराच वेळ निरखून बघितलं.

"पानी एवढं चढलं व्हय तिकडं बी?"

"हो आजोबा. सगळं गेलं."

"पंचनामा झाला का?"

"तिकडं सरकारच उरलेलं नाही."

आजोबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "तरी बी," ते म्हणाले, "पासबुकाची झेरॉक्स काढून ठिवा म्हनावं त्यास्नी."