पुढील तारीख

तहसील कचेरीतून सेवानिवृत्त झालेला अव्वल कारकून पुढे काय करतो, हे वाचकांस ठाऊक आहेच: तो देवस्थानच्या हिशेबात चुका काढतो, गृहनिर्माण संस्थेचे दप्तर ताब्यात घेतो, किंवा भाऊबंदांविरुद्ध बांधाचा दावा लावतो. आमच्या कोरेगावच्या आबांनी यांपैकी काहीच न करता कुत्री पाळली, आणि त्यांतही चोर पाहून शेपटी हलवणारी अशीच निवडून पाळली व त्यांना जर्मन पद्धतीची संरक्षणविद्या शिकविण्याचा संकल्प सोडला, एवढाच त्यांचा वेगळेपणा. दप्तराचा सोस मात्र तोच. प्रत्येक श्वानाचे स्वतंत्र सेवापुस्तक आहे. त्यात नेमणुकीचा दिनांक, रजा, शिक्षा हे रकाने असून शेवटचा रकाना शेऱ्याचा आहे. आणि मैदानात काहीही घडले तरी शेऱ्याचे शेवटचे वाक्य ठरलेले असते: ‘पुढील तारीख देण्यात येत आहे.’

या विद्येचा उगम जर्मनीतला. कॅप्टन माक्स फॉन स्टेफानिट्झ या निवृत्त अधिकाऱ्याने 1899 साली जर्मन शेफर्ड जातीची संस्था काढली, आणि कुत्र्याची पारख नुसत्या रूपावरून न करता कामावरून व्हावी म्हणून त्या मंडळींनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक परीक्षा बसवली. माग काढणे, आज्ञा पाळणे आणि संरक्षण असे तिचे तीन विषय असून प्रत्येकास शंभर गुण असतात. संरक्षणाच्या भागात मैदानावर सहा आडोसे उभारतात, त्यांपैकी एकामागे खोटा आरोपी दडवतात, व कुत्र्याने ते हुडकून त्या मनुष्यास स्पर्श न करता, केवळ समोर उभे राहून भुंकत अडवून धरायचे असते. तो पळू लागला किंवा अंगावर आला तरच त्याच्या हातावरील जाड बाहीस दात लावायचे, आणि ‘आउस’ म्हणताच तत्क्षणी सोडायचे. परीक्षेची खरी मेख या सोडण्यात आहे, असे जाणकार सांगतात. आबांची कुत्री त्या मेखेपर्यंत अद्याप पोहोचलेली नाहीत.

घेवडा निघाल्यानंतर वसना नदीपलीकडचे एक रान आबांना मोकळे मिळते. तेथे उसाच्या पाचटाच्या सहा कोप्या उभ्या राहतात, तालमीतला एक होतकरू पैलवान चहा आणि अंड्यांच्या बोलीवर आरोपी म्हणून तैनात होतो, आणि त्याच्या हातावर गोणपाटाची जी बाही चढते तिच्या पोटात, सांगण्यास खेद वाटतो, माझे घोंगडे आहे. ते आबांनी दोन दिवसांसाठी नेले होते. मागावयास गेलो तेव्हा मलाही तारीख मिळाली.

पहिले प्रकरण डॅशहुंडचे. बदली होऊन गेलेल्या एका डॉक्टरांनी तो मागे ठेवला होता. बिळात शिरून बिज्जू बाहेर काढण्यासाठी ज्या जातीची पैदास झाली, तिच्या पायांची उंची वीतभरही नसते, हे निसर्गनियमाने ठरलेले असता, त्याने सहा फुटी पैलवानाच्या कोपरावर झेप घ्यावी अशी आबांची अपेक्षा होती. त्या सुज्ञ प्राण्याने बाहीकडे एकवार पाहिले, स्वतःच्या आटोक्यातील ऐवजाचा अंदाज घेतला आणि पैलवानाची चप्पल उचलून तो बैलगाडीखाली गेला. आबांनी तेथेच शेरा लिहिला: ‘श्वानाने आरोपीच्या डाव्या पायातील चप्पल जप्त केली. पंचांअभावी पंचनामा झाला नाही. पुढील तारीख देण्यात येत आहे.’

मुधोळचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी नावारूपास आणलेले, आपल्याकडे कारवानी म्हणून ओळखले जाणारे हे शिडशिडीत जनावर; 2005 साली त्याचे टपाल तिकीट निघाले, 2016 साली त्याची पिल्ले लष्कराने मेरठच्या केंद्रात शिकावयास नेली, आणि हे दोन्ही दाखले आबांनी सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘पूर्वजांची कामगिरी’ या सदराखाली नोंदले आहेत. परंतु मेंढपाळी कुत्रे पावलोपावली धन्याच्या तोंडाकडे पाहते, तर शिकारी मुधोळ शतकानुशतके घोडेस्वार धन्यास मागे टाकून, नजरेस पडलेल्या सशाविषयीचा निर्णय स्वतःच घेत आलेला आहे. त्यास सहा कोप्यांची प्रदक्षिणा घालावयास सांगणे म्हणजे सरदारास हजेरीपटावर सही करावयास लावण्यासारखे आहे. आबा जर्मन भाषेत ओरडले. मुधोळने मान उंचावून जरंडेश्वराच्या डोंगराकडे पाहिले, तेथे त्यास जे दिसले ते आम्हा कोणासही दिसले नाही, आणि क्षणार्धात तोही दिसेनासा झाला. दिवेलागणीस परतला. ‘श्वान विनापरवाना हद्दीबाहेर. सायंकाळी स्वखुशीने रुजू. गैरहजेरी अर्जित रजेत धरावी. पुढील तारीख देण्यात येत आहे.’

यावर कोणी हसले तर आबांचे उत्तर तयार असते. “अहो, डॉबरमन जात कोणी काढली? आपोल्डा गावच्या करवसुली करणाऱ्यानं! म्हणजे आपल्याच खात्यातला माणूस. त्याला तरी कुठं जातिवंत कुत्री मिळाली होती? हाताशी होती ती घेतली.” हे खरेच आहे, आणि म्हणून अधिकच त्रासदायक आहे. शिवाय नवीन कुत्रे नेमणुकीवर येण्यापूर्वी आबा त्यास संगम माहुलीला नेतात. तेथे थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांस वाचविले व महाराजांनी त्यास पालखीचा मान दिला, अशी कथा सातारा प्रांती सर्वश्रुत आहे. “खंड्या कुठल्या परीक्षेला बसला होता?” असे आबा विचारतात, आणि तरीही घरी येऊन आपल्या कुत्र्यांना परीक्षेलाच बसवतात. ही विसंगती त्यांच्या निदर्शनास आणून देण्याचा प्रमाद मी एकदा केला. त्या विषयासही तारीख पडली.

राहिला पोमेरियन. भुंकून अडवून धरण्याच्या प्रकरणी त्यास शंभरपैकी शंभर गुण द्यावे लागतील, कारण तो आरोपीस, पंचास, आबांस आणि रिकाम्या कोपीसही सारख्याच निष्ठेने भुंकतो. अडचण दातांची आहे. आता ते राहिलेले नाहीत. डोळ्यांवर सारा आला आहे; पैलवान पळाला तरी तो कोणत्या दिशेस पळाला हे त्यास वासावरून शोधावे लागते, आणि तोवर पैलवान चहा पिऊन येतो. गेल्या हिवाळ्यात त्याचे सेवापुस्तक शोधताना आबांनी कपाटातील चळत माझ्या हाती दिली, तीत चुकून त्यांचे स्वतःचे सेवापुस्तक आले. नायब तहसीलदारीचे प्रकरण कित्येक वर्षे वर-खाली फिरत राहिले होते, आणि अखेरीस कोणा साहेबाच्या टोकदार अक्षरात एकच ओळ होती: ‘पदोन्नतीस अपात्र.’ मी ते काही न बोलता चळतीखाली सरकवले. मग वेळ होता म्हणून कुत्र्यांची सारी पुस्तके चाळली. डॅशहुंडचे, मुधोळचे, मध्यंतरी मेलेल्या दोन गावठी कुत्र्यांचे. ‘अपात्र’ हा शब्द त्यांत कोठेही नव्हता. पोमेरियनच्या पानावर लिहिले होते: ‘दाताअभावी चावा घेता आला नाही. इच्छा स्पष्ट दिसली. पुढील तारीख देण्यात येत आहे.’ घोंगड्याचा विषय मी त्यानंतर काढलेला नाही. तथापि ते चांगले घोंगडे होते, हे नमूद करणे भाग आहे.

सध्या खोळंबा निराळ्याच कारणाने झाला आहे. पैलवान पोलीस भरतीत निवडला गेल्याने आरोपीची जागा रिक्त आहे. वाचकांपैकी कोणी धडधाकट गृहस्थ घेवड्याच्या काढणीनंतर कोरेगावात असतील तर त्यांनी आबांस अवश्य भेटावे. चहा व अंडी मिळतील. पोमेरियनला दात नाहीत आणि मुधोळ बहुधा जागेवर नसतोच, तेव्हा जिवास धोका असा काही नाही. फक्त जाताना चप्पल जुनी घालून जावी.