समुद्र नसलेलं बेट

बोटीची वाट पाहणाऱ्या बेटावरच्या व्यापाऱ्यांचं दुःख बीडकरांना समजावून सांगायला नको. नगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा रेल्वेमार्ग मंजूर झाला 1995 साली. बीड शहरात गाडी शिरली 17 सप्टेंबर 2025 रोजी. मुहूर्त मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा! परळीकडचं काम तेव्हाही बाकीच. मधल्या तीस वर्षांत आश्वासनं मात्र दर निवडणुकीला वेळेवर पोचत होती, तीही विनाभाडं. कापसाच्या गाठी ट्रकनं गेल्या, पार्सलं एसटीच्या टपावरून आली, आणि भाडं ट्रकवाला म्हणेल ते. अखेर आली तीही प्रवासी गाडी: व्यापाऱ्याला बसायला बाक आहे, त्याच्या गाठींनी मात्र रस्त्यानंच जावं. आता मालगाडीसाठी अर्ज करणाऱ्यांनी त्यात वारसाचं नावही आत्ताच लिहून ठेवावं.