नंदी आपला, चाल आपली

डाउनलोड, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. स्क्रीनवर एक गोंडस बाहुली टपकते, खिडकीच्या कडेवर चढते, माउसनं उचलली की पाय झाडते. पोरं दोन दिवस खूश, तिसऱ्या दिवशी दुसरी बाहुली शोधायला लागतात. घरातली मोठी माणसं एका शब्दात निकाल लावतात : टाइमपास. माझं म्हणणं, खरा माल दोघांनीही पाहिलेला नाही. तो फोल्डरमध्ये आहे.

शिमेजीचंच घ्या. जपानच्या युकी यामादा यांच्या ग्रुप फिनिटीनं २००९ साली हा डेस्कटॉप पेट आणला. आज पोरांकडे दिसते ती बहुतेक त्याचीच सुधारलेली इंग्रजी आवृत्ती. संगणकात जावा असलं की जुन्या मशीनवरही चालते. तिचं फोल्डर उघडा. एका कप्प्यात ४६ चित्रं, प्रत्येक १२८ बाय १२८ पिक्सेलचं, मागची बाजू पारदर्शक. दुसऱ्या कप्प्यात मजकुराच्या दोन मुख्य फाइली. एकीत कृती : चालायचं कसं, बसायचं कसं, पडायचं कसं. दुसरीत वर्तन : यातलं काय किती वेळा करायचं. दोन्ही नोटपॅडमध्ये उघडतात. चित्र बदललं की प्राणी बदलतो, आकडा बदलला की स्वभाव बदलतो. इतकं मोकळं यंत्र पोरांच्या हाती असताना आपण त्यांना फिनिशचं बटण दाबून थांबू देतो, हे मला खटकतं.

विदर्भातल्या कळंबच्या पोरांनी यात बैल काढावा. मूळ फोल्डरची एक प्रत आधी बाजूला ठेवा, बिघडलं तर परत येता येतं. मग चित्र काढायला क्रिता किंवा गिम्प घ्या, दोन्ही फुकट आहेत. जुन्या पेंटमध्ये पारदर्शकपणा टिकत नाही, बैलाभोवती पांढरा चौकोन फिरत राहतो. सगळी ४६ चित्रं पहिल्याच दिवशी नकोत. उभा बैल, दोन पावलं, पडताना, उचलताना, एवढ्यावर सुरुवात होते. उरलेल्या नावांच्या जागी उभ्या बैलाचीच प्रत ठेवा. नावं मात्र जशीच्या तशी हवीत. एखादं चित्र गायब असलं की प्राणी स्क्रीनवर येतच नाही.

आता फाइलीत डोकवा. चालण्याच्या कृतीत चार ओळी आहेत : उभं चित्र, एक पाऊल, पुन्हा उभं, दुसरं पाऊल. प्रत्येक ओळीत तीन आकडे महत्त्वाचे. पहिला टेकूचा बिंदू, ६४ आणि १२८, म्हणजे चित्राच्या तळाचा मध्य. बैलाचे खूर चित्राच्या तळाला टेकलेले नसतील तर बैल हवेत तरंगतो. दुसरा वेग, वजा २, म्हणजे दर ठोक्याला दोन पिक्सेल डावीकडे. चित्रातलं तोंडही डावीकडेच हवं. उजवीकडे जाताना प्रोग्राम ते स्वतः उलटवतो. तिसरा कालावधी, सहा ठोके. सेकंदाला २५ ठोके पडतात. आता गणित करा : चार चित्रं, प्रत्येकी सहा ठोके, दर ठोक्याला दोन पिक्सेल. एका फेरीत बैल ४८ पिक्सेल सरकतो. चित्रातली पावलं तेवढीच असतील तर बैल चालतो. लहान किंवा मोठी असतील तर खूर जमिनीवर घसरतात, आणि पाहणाऱ्याला कारण कळलं नाही तरी खोट कळते. वेग, वेळ आणि अंतर यांचं हे गणित आठवीच्या पोराला कुणी इतक्या गोडीनं शिकवलेलं मला ठाऊक नाही.

बैलाचे पाय कोणत्या क्रमानं पडतात, हे संगणक सांगत नाही. ते रस्त्यावर उभं राहून बघावं लागतं. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. ट्रॅक्टरनं शेतातली बैलजोडी कमी केली तरी कळंबच्या आसपास अजून बैलबंडी दिसते, खूर दिसतात. चार पायांची चाल चार ओळींत मांडायची असेल तर चाल नीट बघून तिचे तुकडे करावे लागतात. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ एकेक फ्रेम करून टिपली, ती अशाच नजरेनं. चलच्चित्राचं मूळ आपल्या मातीत इतकं जुनं आहे, आणि आपली पोरं दुसऱ्यांनी हलवलेली चित्रं हलताना बघत बसतात.

आता वर्तन. तिथे प्रत्येक कृतीपुढे वारंवारतेचा आकडा असतो. आकडा मोठा, तर ती कृती जास्त वेळा. बैल भिंतीवर चढत नाही, तेव्हा चढण्यापुढे शून्य लिहा आणि बसून राहण्याचा आकडा वाढवा. चढणाराच हवा असेल तर उंदीर काढा. कळंब चिंतामणी गणपतीचं गाव, पायऱ्या उतरून जमिनीखालच्या गाभाऱ्यात दर्शनाला जाणाऱ्या पोरांना उंदराची ओळख करून द्यायला नको. शिमेजी स्वतःची पिल्लंही काढतो. ती सोय मेनूतून बंद करा, नाहीतर स्क्रीन भरून जाते आणि मशीन दमतं. हे आकडे म्हणजे प्राण्याची रीतभात. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मधली क्लिपी आठवते ना? ती रीतभातीतच नापास झाली. काम चालू असताना सारखी मधे बोलायची. लोक इतके वैतागले की कंपनीनं पुढच्या आवृत्त्यांत तिला आधी झोपवलं आणि २००७ च्या ऑफिसमधून पार काढून टाकलं. मधे मधे न करणारा प्राणी घडवणं हेही शिक्षणच आहे.

एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. गोडगोड प्राणी दरवेळी गोड नसतो. बॉन्झी बडी नावाचा जांभळा गोरिला २००० च्या आसपास जगभर पोरांच्या संगणकांवर बसला होता. त्याच्या कंपनीनं पालकांना न विचारता मुलांची माहिती गोळा केली, म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगानं कारवाई केली आणि २००४ मध्ये कंपनीनं ७५ हजार डॉलर दंड भरला. तेव्हा अनोळखी साइटवरून काही उतरवू नका, आणि प्राणी नाव, फोन नंबर, फोटो मागू लागला तर त्याला तिथल्या तिथे हाकला.

परदेशी म्हणून मी कुणाची बाहुली नाकारत नाही. कर्सरमागे धावणारी नेको मांजर १९८० च्या दशकात जपानच्या एनईसी संगणकावर जन्मली. १९८९ मध्ये केंजी गोतो यांनी ती मॅकवर आणली, पुढे ती कितीतरी यंत्रांवर पोचली. १९९५ मध्ये तात्सुतोशी नोमुरा यांची मेंढी विंडोजवर फिरू लागली. या माणसांनी आपापला प्राणी स्वतः घडवला. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे धाडस. आपण मात्र त्यांची चित्रं घेऊन गप्प बसतो. संगणक शिकवायचा म्हणून अर्ज टाइप करायला लावतो, बेरजेचं सूत्र पाठ करून घेतो, परीक्षा झाली की पोरगं विसरतं.

विदर्भात तर यासाठी दिवस ठरलेलाच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी नंदी, त्याला चाकं, अंगावर झूल, कपाळी बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, आणि दारोदार पोरांना मिळणारी भेट, म्हणजे बोजारा. जिवंत नसलेल्या प्राण्याला सजवून, नाव देऊन मिरवण्याची हौस इथल्या पोरांना कुणी शिकवायला नको. म्हणून कळंबच्या शाळांना आणि मंडळांना माझी मागणी आहे. यंदा लाकडी नंद्यांच्या रांगेशेजारी एक टेबल मांडा, त्यावर एक संगणक ठेवा आणि स्क्रीनवरच्या नंद्यांचीही स्पर्धा घ्या. अटी तीनच. चित्र पोरानं स्वतः काढलेलं असावं. परीक्षकांसमोर त्यानं फोल्डर उघडून वेगाचा आकडा बदलावा आणि काय होईल ते आधी सांगावं. आणि झूल कितीही भरजरी असली तरी गुण चालीला द्यावेत. ज्याच्या बैलाचे खूर घसरत नाहीत, पहिला बोजारा त्याचा.