ल्यूमनच्या पाचव्या टेबलावरील सिद्धांतमहर्षींस अनावृत पत्र

श्रीयुत सिद्धांतमहर्षी,
तिसरा मजला, कॅन्टीनच्या दाराजवळची खुर्ची, यांस



काल रात्री अकराच्या पुढे तुमचा नवा सिद्धांत मोबाईलवर येऊन थडकला. 'सेव्हरन्स'च्या तिसऱ्या सीझनमध्ये हेलेना ईगन गरोदर असणार, मूल मार्कचं असणार, त्या मुलाच्या डोक्यात कंपनीचा संस्थापक कीयर ईगन पुन्हा जन्म घेणार, आणि दुसऱ्या सीझनच्या शीर्षकदृश्यात म्हाताऱ्याचं डोकं असलेलं बाळ रांगतं तिथे हे सगळं उघड उघड दाखवून ठेवलंय, हे कळून धन्य झालो. सोबत पुरावा म्हणून दृश्य थांबवून थांबवून काढलेल्या चित्रांचा गठ्ठा होता, प्रत्येकावर लाल वर्तुळ. वर्तुळं फार गोल आलीत. वर्तुळांवर एवढी मेहनत घेणारा माणूस तिमाही अहवालात बेरीज कशी चुकवतो, याचं मला कायम नवल वाटतं.

हे पत्र चारचौघांसमोर वाचलं जाणार, म्हणून ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. (ज्यांना पुढेमागे पाहायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं. तुम्ही मला न दिलेली संधी मी त्यांना देतोय.) ल्यूमन नावाच्या कंपनीत काही कर्मचाऱ्यांच्या मेंदूत चिप बसवतात. लिफ्ट खाली गेली की बाहेरचं आयुष्य पुसलं जातं, वर आली की ऑफिस पुसलं जातं. आतला तो 'इनी', बाहेरचा तो 'आउटी'. शरीर एकच, पण एकमेकांची ओळखदेख नाही. इनीला घर नाही, रविवार नाही. लिफ्टचं दार मिटतं, उघडतं, आणि समोर पुन्हा ऑफिसच. बायको गेमा अपघातात गेली, तेव्हा दिवसातले आठ तास तरी दुःख नको, या हिशेबाने मार्क स्काउट ही चिप बसवून घेतो. मालिकेचा जनक डॅन एरिक्सन याला ही कल्पना सुचली ती दारं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करताना: हे आठ तास आपल्या नकळत निघून गेले तर किती बरं! तुम्ही ते आठ तास कसे घालवता हे मला तीन खुर्च्यांवरून दिसतं, तेव्हा त्यावर बोलत नाही.

तुमचा पहिला गुन्हा जुना आहे, पण मला त्याची मुदत संपलेली वाटत नाही. पहिल्या सीझनचा शेवटचा भाग एप्रिल २०२२ मध्ये आला. मग २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि नट संपावर गेले, आणि दुसरा सीझन उजाडायला जानेवारी २०२५ लागला. एवढी वाट पाहिल्यावर पहिला भाग बघून मी सोमवारी कॅन्टीनमध्ये पोह्यांची बशी घेऊन टेकतोय, तोवर तुम्ही दारातून पुकारा केलात: "ती हेली नाहीच! हेलेना आहे! रात्री कुठला माळी बागेत काम करतो?" हेली ही मार्कच्या विभागातली इनी, हेलेना ईगन ही तिचीच आउटी. बाहेरच्या जगात आपण कोण, हे लपवायला ती पोरगी रात्री राबणाऱ्या एका माळ्याची गोष्ट रचते, तिथे तुम्ही तिला पकडलंत. चौथ्या भागात तुमचं खरं निघालं. अभिनंदन. वाचनालयातून आणलेल्या बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकात पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवणारी एक जमात पूर्वी असे. तुम्ही तिचेच वारस. फरक इतकाच की ती मंडळी पुस्तक छापून होईपर्यंत तरी दम धरत.

आता तोच चौथा भाग जरा आठवून पाहा. बर्फाचं रान, कडाक्याची थंडी, आणि मार्कच्या विभागातला इर्व्हिंग. माळ्याची गोष्ट त्यानेही ऐकलीय, त्यालाही ती खटकलीय. पण त्याची खात्री पटते ती ती बया दुरावलेल्या प्रियकराच्या, बर्टच्या, आठवणीने झुरणाऱ्या त्या माणसाला त्याच्या एकटेपणावरून टोचून बोलते तेव्हा. हेली भडक होती, उर्मट होती, तोंडाळ होती. दुष्ट कधीच नव्हती. मग इर्व्हिंग झालेला जॉन टर्टुरो तिचं डोकं पाण्यात दाबून धरतो आणि खरी हेली परत आण म्हणून त्यांच्या साहेबावर, मिल्चिकवर, ओरडतो. त्याची किंमत म्हणून इर्व्हिंगचा इनी कायमचा संपतो. आपली मैत्रीण बदललीय हे त्याने तिच्या बोलण्यातल्या विखारावरून ओळखलं. तुम्ही माळ्याच्या ड्युटीच्या वेळेवरून ओळखलंत. त्या भागानंतर मी तुम्हाला विचारलं, "कसा वाटला इर्व्हिंग?" तुम्ही म्हणालात, "मी सांगितलंच होतं." एवढंच म्हणालात.

दुसरा गुन्हा याहून मोठा. मार्कचं काम म्हणजे पडद्यावरच्या आकड्यांत जे आकडे पाहून पोटात गोळा येतो ते वेचून डब्यांत टाकायचे. कशासाठी, ते त्याला कुणी सांगत नाही. त्याच्या शेवटच्या फाइलचं नाव 'कोल्ड हार्बर'. हे नाव कळताच तुम्ही १८६४ मधली व्हर्जिनियातली कोल्ड हार्बरची लढाई उकरून काढलीत. ग्रँट कुठून चालून आला, ली कुठे खंदक खणून बसला, याचे नकाशे ग्रुपवर येऊन पडले. कुणी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी खाली खंदक. शेवटच्या भागात 'कोल्ड हार्बर' नावाच्या खोलीचं दार उघडलं, तर आत लहान बाळाची लाकडी खाट. मार्क आणि गेमाने न जगलेल्या बाळासाठी घेतलेली. त्या खोलीत शिरलेल्या बाईला, म्हणजे मेली समजलेल्या गेमालाच, आपण कोण हेही आठवत नाही. खाट सुटी कर, असा आवाज येतो आणि ती निमूटपणे एकेक भाग काढत जाते. मूल गमावल्याचं दुःख चिपच्या पलीकडे झिरपतं का, हे ल्यूमनला तपासायचं असतं. झिरपत नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही. तुमचा निरोप आला: "पण मग १८६४ चं काय?"

शेळ्यांवर मी फार बोलणार नाही. पहिल्या सीझनमध्ये एका खोलीत एक माणूस करडांना बाटलीने दूध पाजताना दिसला, तेव्हापासून तुम्ही क्लोनिंगच्या मागे लागलात. माणसांच्या प्रती काढण्याआधी कंपनी बकऱ्यांवर सराव करतेय म्हणे. तीन वर्षांनी कळलं ते असं की गेमाला पुरायचं तेव्हा तिच्या आत्म्याला कीयरपाशी वाट दाखवायला सोबत एक जनावर मारून द्यायचं होतं. थोडक्यात, नवसाचा बोकड. एवढी पुढारलेली कंपनी, आणि तळघरात देवऋषीपणा! यावर खरं तर पोट धरून हसायला हवं होतं. तुम्ही हसला नाहीत. रागावलात, उत्तर फार साधं निघालं म्हणून.

ल्यूमनची जी इमारत पडद्यावर दिसते ती खरी आहे, हे तुम्हीच मला मोठ्या प्रौढीने सांगितलं होतंत. न्यू जर्सीतल्या होल्मडेलमध्ये एरो सारिनेनच्या आराखड्यावर बेल लॅब्ससाठी ती बांधली गेली. आता तिला बेल वर्क्स म्हणतात. त्याच होल्मडेलमधल्या एका टेकडीवर १९६४ मध्ये बेल लॅब्सच्याच पेन्झियस आणि विल्सन या दोघांच्या ॲन्टेनातून एक खरखर काही केल्या जाईना. आत कबुतरांनी घाण केली होती, त्यांना वाटलं तिचाच प्रताप. त्यांनी कबुतरं हाकलली, विष्ठा पुसून काढली, खरखर राहिलीच. ती विश्वाच्या जन्मापासून मागे उरलेली ऊब होती. १९७८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ही हकीकत मी तुमच्यापासून दडवून ठेवली होती, कारण तुम्ही कबुतरांवर सिद्धांत मांडाल अशी भीती होती. तुमची रीतच उलटी: खरखर पुसून टाकायची आणि विष्ठा जपून प्रयोगशाळेत न्यायची.

मार्कच्या विभागात हिरव्या गालिच्यावर चार टेबलं आहेत. पाचवं तुमचं, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. भिंतीवरची घड्याळं, गाड्यांच्या नंबरप्लेटा, कुणाचा कोट निळा आणि कुणाचा लाल, हे सगळं तुम्ही रात्र रात्र जागून वेचता, पोटात गोळा आला की डब्यात टाकता, आणि कशासाठी ते तुम्हालाही ठाऊक नसतं. बरं, त्या चौघांना निदान खरबुजाच्या फोडी मिळतात, फारच चमक दाखवली तर वॉफल पार्टी. तुम्हाला दोन अंगठे मिळतात, त्यातला एक तुमच्या मेहुण्याचा. चिपसुद्धा न बसवता ल्यूमनची बिनपगारी रात्रपाळी करणारे कर्मचारी म्हणून कीयर तुमच्यावर खूश असेल.

आता निर्मात्यांचे हात स्वच्छ आहेत, असं मी म्हणत नाही. एखाद्या ऑफिसात कारण न सांगता शेळ्या बांधल्या, तर माणसं विचारणारच. बेन स्टिलर आणि मंडळी मुद्दाम चणे-फुटाणे टाकत जातात, आणि ज्या शीर्षकदृश्यावर तुम्ही वर्तुळं काढता, त्याच्या पहिल्या सीझनमधल्या रूपाला २०२२ मध्ये एमी मिळालेलं आहे. ते पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. अंदाजालाही माझी ना नाही. पहिल्या सीझनमध्ये काहींनी ओळखलं होतं की कंपनीतली ती थंड, यंत्रासारखी बोलणारी मिस केसी हीच मार्कची मेलेली बायको. तो अंदाज चांगला होता. तो बांधायला मार्कच्या दुःखाकडे बघावं लागत होतं. नंबरप्लेटकडे बघून तो आला नसता.

आणि परवाचं ते कागदाच्या क्लिपांचं. मिल्चिकच्या वार्षिक मूल्यमापनात त्याच्यावर ठपके येतात: अवघड शब्द फार वापरतो, कागदांना क्लिप उलटी लावतो. पुढे तो एकटा बसून क्लिपा नीट लावायचा सराव करताना दिसतो, आणि मग आरशासमोर आपलंच एक भरजरी वाक्य कापत कापत एका शब्दावर आणतो. याच कंपनीने बढतीनंतर त्याला कीयरचा चेहरा काळा रंगवलेली चित्रं भेट दिली होती, 'यात तुम्ही स्वतःला पाहा' म्हणून. मिल्चिक झालेला ट्रॅमेल टिलमन ती चित्रं पाहतो तेव्हा त्याच्या गालाची एक रेष काय हलते, तेवढीच. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला या भूमिकेसाठी एमी मिळालं. नाट्यमालिकेतल्या साहाय्यक अभिनेत्याचा हा पुरस्कार घेणारा तो पहिला कृष्णवर्णीय अभिनेता. तुम्ही काय केलंत? किती क्लिपा उजवीकडे, किती डावीकडे, मोजलंत आणि त्यातून तिसऱ्या सीझनच्या तारखेचा सांकेतिक आकडा काढलात. साहेबांनी तुमच्या मूल्यमापनात काही लिहिलं, की तुम्ही आठवडाभर कुणाशी बोलत नाही, हे मी पाहिलंय. मिल्चिक तुम्हाला कळायला खरं तर अडचण नव्हती.

तिसरा सीझन येणार हे मार्च २०२५ मध्येच, दुसरा संपता संपता, जाहीर झालं. म्हणजे तुमच्या कारखान्याला कच्चा माल पुरून उरेल. कारखाना बंद करा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी तुम्ही त्यातही संकेत शोधाल. एक कामगिरी मात्र सोपवतो. शेवटच्या भागात मार्कचा इनी आणि आउटी कॅमेऱ्यात निरोप भरून एकमेकांशी बोलतात. आउटी गोड बोलतो, वचनं देतो, आणि मध्येच हेलीला 'हेलेनी' म्हणतो. ज्या बाईसाठी इनी जगतोय तिचं नावही याला धड येत नाही, आणि हा त्याच्याकडे त्याचं अख्खं आयुष्य मागतोय. मग इनी गेमाला जिन्याच्या दारापर्यंत आणतो, दाराबाहेर काढतो. ती पलीकडून जिवाच्या आकांताने हाका मारतेय. अलीकडे, बोळाच्या टोकाला, हेली उभी आहे. तो दोघींकडे पाहतो आणि हेलीचा हात धरून आत पळतो.

त्याने बरोबर केलं की चूक, यावर तुमचा सिद्धांत सोमवारपर्यंत लिहून पाठवा. एका पानात, बोकडाचा उल्लेख न करता. वर्तुळं नकोत.

आपला,
तीन खुर्च्या पलीकडचा, चिप न बसवलेला सहकारी