पहिला घाट लॉजच्या आवारात

महाबळेश्वरहून परतताना काय काय झालं हे सांगणारे लोक पसरणी घाटापासून सुरुवात करतात. वळणं, खाली चमकणारं धोमचं पाणी, मागच्या सीटवर आलं-लिंबाच्या गोळ्या, असा क्रम ठरलेला. पण गाडी जुनी मारुती 800 असेल, महिना जानेवारीचा असेल आणि डॅशबोर्डवरचा चोकचा नॉब ओढताच गंजलेल्या केबलच्या तुकड्यासकट हातात आला असेल, तर त्या प्रवासातला सगळ्यात अवघड टप्पा लॉजच्या आवारातच असतो. त्याची लांबी शून्य मीटर, वेळ मात्र तासभर सहज. चोक गेला म्हणजे आता गाडी लागत नाही, असं धरून त्या तासात जी आरडाओरड चालते ती बहुतेक फुकटची असते. चोक जे काम करतो ते एक त्रैराशिक आहे. ते पायाने सुटतं, हाताने सुटतं, बंबातल्या पाण्यानेही सुटतं. आवारात जमलेली मंडळी ते जोर लावून सोडवायला जातात, म्हणून ते सुटत नाही.

आधी थंडीचं बघू. महाबळेश्वर सुमारे 1,370 मीटर उंचीवर आहे. कडाक्याच्या वर्षी वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर धरतो आणि पर्यटक तो बोटांनी खरवडून काश्मीरला आल्यासारखे फोटो काढतात. त्याच टपापासून हातभर अंतरावर बॉनेटखाली कार्बोरेटरही गारठून बसलेला असतो, त्याचा फोटो कुणी काढत नाही. इंजिनात पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते. आणि पेट्रोल हे एकजिनसी द्रव्य नाही, चिवड्यासारखी भेळमिसळ आहे. त्यातले काही घटक 35 अंशांच्या आसपासच उकळू लागतात, काहींना 200 अंशांपर्यंत तापवावं लागतं. गारठ्यात हलके तेवढे वाफ होऊन पुढे जातात आणि जड मंडळी नळीच्या भिंतीला चिकटून गोधडीतल्या पाहुण्यांसारखी पडून राहतात. तापलेल्या इंजिनाला साधारण 15 किलो हवेमागे 1 किलो पेट्रोल पुरतं. फार कडक थंडीत सुरुवातीपुरतं हे प्रमाण 3 ला 1 इतकंही घट्ट करावं लागतं, कारण दिलेल्यातलं थोडंच कामाला येणार असतं. त्यात सेल्फ इंजिनाला मिनिटाला दीड-दोनशे फेरेच देतो. चालू इंजिन नुसतं गुरगुरत असतानाही आठ-नऊशे फेरे घेतं. एवढ्या मंद फेऱ्यांत आत जाणाऱ्या हवेला जेटमधून पेट्रोल ओढून घेण्याइतकी ओढच नसते. चोक म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरची पत्र्याची झडप. ती मिटली की हवेची वाट अडते आणि इंजिनाची सगळी ओढ पेट्रोलवर येते. नॉब तुटल्यावर आपल्या हातून गेलं ते इतकंच.

ते पायाने कसं भरून काढता येतं, हे एअर क्लीनरचं झाकण काढून एकदा डोळ्यांनी पाहावं. इंजिन बंद ठेवून टॉर्च कार्बोरेटरच्या तोंडात धरा आणि कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगा. एका बारीक नळीतून पेट्रोलची धार पिचकारीसारखी आत उडते आणि वास थेट नाकात जातो. चालत्या गाडीला एकदम वेग घेताना पेट्रोल कमी पडू नये म्हणून केलेली ही सोय गार सकाळी चोकच्या बदली कामाला येते. गाडी दोन-तीन दिवस उभी असेल तर आधी पाचेक सेकंद नुसता सेल्फ मारावा, म्हणजे कार्बोरेटरची वाटी भरते. मग पॅडल हळूहळू दोन-तीनदा तळापर्यंत दाबावं आणि अर्धा मिनिट गप्प बसावं. त्यानंतर पाय किंचित दाबलेला ठेवून पाच-सहा सेकंद सेल्फ. नाही लागली, तर बॅटरीला थोडी विश्रांती देऊन पुन्हा तेच.

या सगळ्यात गप्प बसणं हाच भाग आपल्याकडे जमत नाही. त्या अर्ध्या मिनिटात पेट्रोल हळूहळू वाफ होत असतं, पण बाहेरून पाहणाऱ्याला ड्रायव्हर झोपल्यासारखा दिसतो. मग मेहुणा खिडकीतून सांगतो, "अहो भाऊजी, मारा अजून!" वॉचमन सांगतो, "साहेब, रेस द्या." तलावावर निघालेला घोडेवालाही थांबतो. जिवंत जनावर रोज सकाळी चालतं करणाऱ्या माणसाचं मत पूर्णपणे बाजूला सारणंही कठीण. भाऊजी दहा-बारा वेळा पॅडल मारतात, प्लग पेट्रोलने ओले होतात, ठिणगी मरते आणि आवारभर पेट्रोल पंपासारखा वास सुटतो. गंमत अशी की जास्त पेट्रोलवरचा उतारासुद्धा पॅडलच आहे. ते एकदाच तळापर्यंत दाबून तसंच धरायचं, अजिबात मारायचं नाही, आणि सेल्फ द्यायचा. मग हवेची झडप सताड उघडी राहते आणि साठलेलं पेट्रोल हळूहळू बाहेर निघतं. पंधरा जणांना हा फरक पटवणं मात्र इंजिन उतरवण्याइतकंच जिकिरीचं असतं.

इथे दोन आक्षेप हमखास येतात. पहिला काकांचा. त्यांच्या मॉरिस मायनरला पॅडल मारून कधी काही झालं नाही, तेव्हा हे सगळं थोतांड आहे. काका खोटं बोलत नाहीत. मॉरिसच्या एसयू कार्बोरेटरात ही पिचकारीच नसते. तिथे चोक ओढला की जेट खाली सरकतो आणि पेट्रोल वाढतं. पॅडल कितीही मारलं तरी इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोलचा थेंबही आत पडत नाही. म्हणजे काकांचा अनुभव शंभर टक्के खरा आहे, फक्त तो दुसऱ्या गाडीचा आहे. दुसरा आक्षेप अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातल्या भाच्याचा, आणि तो खरोखर विचार करण्यासारखा आहे. उंचीवर हवा विरळ असते, म्हणून मिश्रण आपोआप घट्ट होतं, मग चोक हवाच कशाला? तत्त्व बरोबर, हिशेब चुकला. या उंचीवरची विरळ हवा मिश्रण काही टक्क्यांनी घट्ट करते आणि थंड इंजिन मागतं काही पटींनी. पगारवाढीच्या चर्चेत टक्के आणि पट यांतला फरक भाच्याला पुढे नीट कळेल.

धक्का मारणाऱ्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण आवारात त्यांचंच बहुमत असतं. धक्क्याने इंजिन फिरतं, मिश्रण घट्ट होत नाही. पॅडलचा हिशेब आधी केला नसेल तर गाडी फाटकापर्यंत ढकलूनही तशीच गप्प. तरीही धक्क्यात अर्थ आहे. सेल्फ इतका वीजखाऊ असतो की तो फिरताना 12 व्होल्टच्या बॅटरीचा दाब पडतो आणि नेमकी तेव्हाच ठिणगी दुबळी होते. गारठ्यात बॅटरी आधीच मलूल, वर तेल घट्ट झाल्यामुळे इंजिनही जड. धक्क्यावर सेल्फची उधळपट्टी वाचते आणि बॅटरी ठिणगीच्या वाट्याला येते. चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, आणि गाडीने वेग घेतला की क्लच झटक्यात सोडायचा. पहिल्या गिअरमध्ये गाडी ठेच लागल्यासारखी थबकते आणि मागून ढकलणाऱ्यांची नाकं डिकीवर आपटतात.

बॉनेटखालचे उपाय मला जास्त पटतात. कित्येकदा चोक मेलेला नसतो, त्याची केबल तेवढी मेलेली असते. एअर क्लीनर काढला की ती पत्र्याची झडप तिथेच दिसते. तिच्या बाजूची छोटी दांडी बोटाने फिरवून ती मिटवायची, गाडी लागली की उघडायची. झडपच मोडली असेल तर जुने मिस्त्री कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगतात. युक्ती खरी, पण इंजिन कधी उलटं खोकतं आणि कार्बोरेटरमधून ज्वाळ वर येते. म्हणून तळहाताऐवजी जाड पुठ्ठा घ्यावा आणि तोंड खाली घालून आत डोकावणाऱ्या मेहुण्याला चार पावलं मागे करावं. सगळ्यात सौम्य उपाय बंबाचा. कढत पाण्यात फडकं बुडवून, पिळून, कार्बोरेटरच्या बुडाशी जिथून मिश्रण इंजिनात शिरतं तिथे गुंडाळलं की गोधडीतले पाहुणे उठून बसतात. डिस्ट्रिब्युटरवर मात्र पाणी पडता कामा नये, नाहीतर ठिणगीलाच आंघोळ घडते. बादली गाडीला दिली म्हणून ज्यांची आंघोळ राहिली त्यांची नाराजी वाईपर्यंत टिकते.

इंजेक्शनच्या गाड्या आल्यावर या विद्येची गरजच उरली नाही, असंही कुणी म्हणेल. 2000 सालाच्या आसपास मारुती 800 मध्येही इंजेक्शन आलं आणि डॅशबोर्डवरचा नॉब गेला, हे खरं. पण त्रैराशिक गेलं नाही. आता इंजिनाचं तापमान एक सेन्सर मोजतो, एक छोटा संगणक तेच घट्ट-पातळ ठरवतो आणि जास्तीचं पेट्रोल मोजून सोडतो. त्याचं काम सुरळीत चालतं याचं निम्मं श्रेय, त्याला आवारातले सल्ले ऐकू येत नाहीत, याला द्यावं लागेल.

आणि गाडी लागली तरी निघता येत नाही. चोकचा नॉब मिश्रण घट्ट करता करता इंजिनाचे फेरेही थोडे वाढवून ठेवतो. तो नसताना हे काम ड्रायव्हरच्या उजव्या पायाकडे येतं. पाय काढला की इंजिन बसलं, म्हणून हँडब्रेक ओढून दोन-तीन मिनिटं हा माणूस सीटला खिळलेला. बॅगा चढतात, स्ट्रॉबेरीचे खोके मागच्या काचेशी रचले जातात, बिलावरून मॅनेजरशी वाद होतो, आणि यजमानांना चहा खिडकीतून दिला जातो. इंजिनाचा आवाज एकसारखा झाला की पाय सोडावा. पुढे पाचगणीला थांबा, वाईला ढोल्या गणपतीला थांबा, गरम इंजिन चोकशिवाय लागतं. रात्री पुन्हा गारठ्यात मुक्काम असेल तर गाडी उताराकडे तोंड करून लावा, आणि झोपायला जाण्यापूर्वी तिच्यापुढे दुसऱ्या कुणाची गाडी उभी नाही ना, ते पाहून घ्या.