हा शेवटचा घास

मराठी घरांत सर्वांत जास्त वेळा बोललं जाणारं खोटं वाक्य म्हणजे ‘हा शेवटचा घास!’ त्यानंतर आणखी चार तरी येणार, हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. ऐकणारा दीड वर्षाचा असला म्हणून काय झालं! मग एक चिऊचा होतो, एक काऊचा होतो, एक परगावच्या मावशीचा होतो, खिडकीत बागुलबुवा येऊन जातो. हल्ली या सगळ्यांच्या नोकऱ्या मोबाइलने खाल्ल्या आहेत. तो समोर धरला की मूल आ वासतं, हे खरं. पण तोंडात गेलं ते दुधी होतं की भेंडी, याचा त्याला पत्ता नसतो. माझं म्हणणं एवढंच, की मुलांना चांगलंचुंगलं खायची सवय लावण्यात मोठी अडचण मुलाची नसते, भरवणाऱ्याची असते. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची सरळ वाटणी करून दिली आहे: काय, केव्हा आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. काय खायचं ते मूल ठरवतं (बिस्किट), कुठे तेही तेच ठरवतं (टीव्हीसमोर), आणि किती, ते मात्र आजी.

‘अहो, पण तो काही खातच नाही!’ ही पहिली तक्रार बहुधा पहिल्या वाढदिवसानंतर सुरू होते, आणि तिचं उत्तर तीनच्या पाढ्याजवळ आहे. तीन किलोचं बाळ वर्षभरात साधारण तिप्पट होतं, म्हणजे नऊ किलोंचं. दुसऱ्या वर्षात मात्र त्याचं वजन दोन-अडीच किलोंनीच वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरणारच. बाळाने आपल्या समाधानासाठी पहिलाच वेग कायम ठेवला असता, तर दुसऱ्या वाढदिवसाला ते सत्तावीस किलोंचं झालं असतं आणि तिसऱ्याला एक्क्याऐंशी. बालवाडीत पोचवायला टेम्पो करावा लागला असता. तेव्हा मूल हुंदडत असेल आणि डॉक्टरांच्या तक्त्यावर त्याची रेघ नीट वर जात असेल, तर शेजारच्या काकूंच्या ‘बारीक झालाय गं’ला वैद्यकीय महत्त्व देऊ नये. रेघ अडली, तर डॉक्टरांकडे जावं. तिथेही काकूंचा उपयोग नाही.

आता जबरदस्ती आणि लाच यांचा हिशेब पाहा. २००६ साली अमेरिकेत बालवाडीच्या वयाच्या मुलांना सूप देऊन पाहिलं. ज्यांच्यामागे ‘संपव, संपव’ असा लकडा लावला नाही, ती मुलं जास्त प्यायली आणि नाकंही त्यांनीच कमी मुरडली. त्याआधी, १९८४ मध्ये, मानसशास्त्रज्ञ लिअॅन बर्च यांनी मुलांना केफिर हे आंबवलेल्या दुधाचं पेय दिलं आणि काहींना ते प्यायल्याबद्दल बक्षीस किंवा शाबासकी दिली. बक्षीसवाल्यांची आवड वाढायची तर उलट घटली. मुलांचं तर्कशास्त्र पक्कं असतं: जे प्यायला पैसे मोजावे लागतात, ते वाईटच असणार. ‘मेथी खाल्लीस तर चॉकलेट’ म्हणणारी आई त्या घटकेला चॉकलेटची जाहिरात करत असते, आणि तीही फुकट. दोन वर्षांच्या सुमारास मुलं नव्या पदार्थाकडे संशयाने बघतात. तो ओळखीचा व्हायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही चाखावा लागतो. आपण तिसऱ्या वेळी निकाल देऊन मोकळे होतो, ‘आमच्याकडे पडवळ चालत नाही.’

‘मोकळं सोडलं तर तो नुसती बिस्किटंच खाईल!’ हा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि त्याचं उत्तर जुनं आहे. क्लारा डेव्हिस या डॉक्टर बाईंनी १९२६ पासून नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या पंधरा बाळांना स्वतःचं जेवण स्वतः निवडू दिलं. यादीत चौतीस पदार्थ होते. नर्सने चमचा धरून गप्प बसायचं. बाळाने बोट दाखवलं तर भरवायचं, आग्रह नाही, कौतुक नाही, डोळे वटारणं नाही. (आपल्याकडे ही जागा भरायला उमेदवार मिळणार नाही.) कुणी नाश्त्याला संत्र्याचा रस आणि काळीज खाल्लं, कुणी रात्री अंडी, केळी आणि दूध. पोरं धडधाकट वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळाने तर बरं होईपर्यंत माशाचं तेल आपणहून घेतलं. पण यातली मेख डेव्हिसबाईंनीच १९३९ मध्ये सांगून टाकली: त्या चौतीस पदार्थांत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं. निवड बाळांची होती, यादी मोठ्यांची. म्हणजे बिस्किटाचा प्रश्न पोराच्या जिभेत नसून आपल्या वाणसामानाच्या यादीत आहे. पुडा चालत घरी येत नाही.

राहिला ‘पानात टाकू नये’चा संस्कार. तो मोलाचा आहे, फक्त त्याचा पत्ता चुकतो. दोन वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या मापाने वाढायचं आणि उरलं की त्याला अन्नाची किंमत शिकवायची, हा न्याय नव्हे. चमचाभर भाजी, चतकोर पोळी वाढावी. हवं तर ते मागेल. मागितलं नाही, तर अर्ध्या तासाने ताटली उचलावी आणि पुढच्या जेवणापर्यंत दुधाचा पेला, चिवडा, ‘काहीतरी पोटात जाऊ दे’ हे सगळं बंद. मधल्या वेळचं खाणंही ठरल्या वेळीच. पहिले दोन-तीन दिवस आजीला हे बघवणार नाही. तिला दुपारी भजनाला पाठवावं. आणि बाबांना एक विनंती: कारल्याची वाटी हळूच आईकडे सरकवायची असेल, तर निदान पोराच्या देखत सरकवू नका.