कोऱ्या पानाची सोय

हवी ती गोष्ट चटकन सापडली, तर संकेतस्थळ सोयीचं. इंग्लंडच्या रेडिओहेड या बँडचं संकेतस्थळ मे २०१६मध्ये या कसोटीपलीकडे गेलं: फिकट होत होत ते अखेर पांढरंफटक झालं. चुकीचं बटण दाबायची भीतीच नाही! आठवडाभरात नवा अल्बम आला आणि तो पांढरेपणा जाहिरातीचा होता हे कळलं. चाहते म्हणतील, कलावंताचं दार म्हणजे बँकेचा काउंटर नव्हे. कबूल. पण २००७मध्ये ‘इन रेनबोज’ हा अल्बम विकताना याच बँडने किमतीचा रकाना रिकामा ठेवला होता. आकडा ग्राहकाने टाकायचा, शून्यही चालेल. (पैसे दिलेच, तर वर कार्डाच्या शुल्काचे ४५ पेन्स, औदार्यालाही हिशेब असतो.) म्हणजे साधं, एका नजरेत कळणारं पान यांना जमत नाही असं नाही, गल्ला समोर असला की छान जमतं. पुढे २०२०मध्ये जुनं सामान त्यांनी संकेतस्थळावर ‘पब्लिक लायब्ररी’ म्हणून अल्बमवार लावून दिलं, वर सभासदाचं ओळखपत्रही. एरवी कोड्यात बोलणारा बँड ग्रंथपालाच्या शिस्तीने कपाटं लावतो, तर मग नीटनेटकेपणाने कला मरते, हा युक्तिवाद चाहते नेमका कुणाच्या वतीने करतात?